अंथरूण ओलें करणारें मूल

पहांटेचे पांच वाजले आहेत. घरांत अजून कोणी उठलेलें नाहीं. सात वर्षांचा एक मुलगा मात्र जागा आहे. अंगाखालची गोधडी ओली झाली आहे हें त्याला कळून चुकलें आहे, आणि कोणाच्या नजरेस पडण्यापूर्वीं ती अंगाच्या उबेनें थोडीतरी वाळेल या आशेनें तो निपचित पडून राहिला आहे. घटकाभरानें आजी उठतील, अंथरुणें काढूं लागतील, आणि "एवढा घोडा झाला तरी..." या शब्दांनीं त्याच्या दिवसाला आरंभ होईल. धाकटी बहीण चार वर्षांची, पण तिचें अंथरूण कोरडें असतें, याची आठवण त्याला करून दिली जाईल. मग गोधडी कठड्यावर वाळत पडेल, आणि शाळेला निघालेले त्याचे सोबती ती खालून पाहतील.

हाच मुलगा मे महिन्यांत मामाच्या गांवीं जाण्याचा बेत निघाला कीं तोंड फिरवितो. मामाचें घर कोंकणांत आहे. तेथें आंबे आहेत, समुद्र आहे, बरोबरीचे दोन मामेभाऊ आहेत. गेल्या वर्षीं पोट दुखतें असें सांगून तो घरींच राहिला. यंदाहि तो नाहीं म्हणतो. आईला तो हट्ट वाटतो, वडिलांना लहर वाटते. खरें कारण एवढेंच आहे कीं तेथें सगळीं मुलें माजघरांत एका ओळींत निजतात.

हें चित्र कोणा एका घराचें नव्हे. पांच वर्षें पुरीं झालेल्या १०० मुलांपैकीं सुमारें १५ मुलें रात्रीं अंथरूण ओलें करतात. सातव्या वर्षीं हें प्रमाण शेंकडा ५ ते १० च्या दरम्यान येतें, दहाव्या वर्षीं शेंकडा ५ च्या आसपास राहतें, आणि प्रौढ वयांतहि शंभरांत एखादा असा आढळतो. मुलींपेक्षां मुलग्यांत ही तक्रार जवळजवळ दुप्पट दिसते. म्हणजे दुसरीच्या ४० मुलांच्या वर्गांत अशीं दोन-तीन मुलें सहज बसलेलीं असतात. तीं एकमेकांना ओळखीत नाहींत, आणि प्रत्येकाची अशी समजूत असते कीं साऱ्या जगांत असा आपण एकटाच.

पांच वर्षांच्या आंतील मुलानें रात्रीं अंथरूण ओलें केलें तर त्यास विकार म्हणण्याचें कारणच नाहीं. दिवसा लघवीवर ताबा येतो तो अगोदर, आणि रात्रींचा ताबा येतो तो मागाहून. केव्हां केव्हां पुष्कळच मागाहून. शेजारच्या मुलाला दांत दोन महिने आधीं आले म्हणून कोणी आपल्या मुलाला रागें भरत नाहीं. अंथरुणाच्या बाबतींत मात्र नेमकें तेंच घडतें. कारण मूल हें मुद्दाम करतें, किंवा उठण्याचा आळस करतें, अशी एक समजूत घरोघर रुजून बसलेली आहे. उपायांचा विचार करण्यापूर्वीं ती समजूत उपटून काढली पाहिजे.

निरोगी माणसाच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळत असतें. रात्रीं तें अधिक प्रमाणांत मिसळतें. त्यामुळें मूत्रपिंडें पाणी राखून ठेवतात आणि रात्रींची लघवी थोडी व दाट होते. कांहीं मुलांत ही रात्रींची वाढ वेळेवर सुरू होत नाहीं, असें डेन्मार्कमधील ऑरहूस येथील वैद्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. अशा मुलाचीं मूत्रपिंडें रात्रींहि दिवसासारखींच झरत राहतात. दुसऱ्या कांहीं मुलांच्या मूत्राशयांत लघवी मावतेच कमी. याचा एक ढोबळ हिशेब आहे: मुलाच्या वयांत एक मिळवावा आणि त्या बेरजेस तीसांनीं गुणावें, येईल तितके मिलिलिटर लघवी त्या वयाच्या मूत्राशयांत साधारणतः मावावी. सात वर्षांच्या मुलास हा आंकडा २४० येतो, म्हणजे एक पेलाभर. ज्याचा मूत्राशय पेला निम्मा भरतांच आकसूं लागतो, त्याला रात्र निभावून नेणें कठीणच. तिसरी गोष्ट झोपेची. मूत्राशय भरला कीं त्याची वर्दी मेंदूकडे जाते आणि माणूस जागा होतो. या मुलांत ती वर्दी झोपेचें दार ठोठावते, पण दार उघडत नाहीं. "मेला ढोल वाजविला तरी उठत नाहीं," असें आई त्रासून म्हणते, तेव्हां ती नकळत रोगाचें निदानच सांगत असते. आणि त्याच दमांत, जो ढोलानें उठत नाहीं तो लघवीच्या जाणिवेनें कां उठला नाहीं म्हणून त्याच्यावर रागावतहि असते.

कोणा मुलांत यांपैकीं एक कारण असतें, कोणांत दोन, कोणांत तिन्ही. त्यांतील एकावरहि मुलाच्या इच्छेची सत्ता चालत नाहीं.

बहुतेकदां हें सारें वारशानें येतें. आईबापांपैकीं कोणालाहि लहानपणीं ही तक्रार नसेल, तर मुलांपैकीं शेंकडा १५ जणांत ती दिसते. दोघांपैकीं एकाला असेल तर शेंकडा ४४, आणि दोघांनाहि असेल तर शेंकडा ७७. डेन्मार्कमधील संशोधकांनीं १९९५ सालीं कांहीं कुटुंबांचा अभ्यास करून या वारशाचा एक धागा तेराव्या गुणसूत्रापर्यंत नेऊन पोंचविला. परंतु गुणसूत्रांपर्यंत जाण्याची गरज नसते. घरांतील वडीलधाऱ्यांना विचारलें तरी पुष्कळ उलगडतें. वर सांगितलेल्या घरांत एके दिवशीं सून डोळ्यांना पदर लावून बसलेली पाहून आजी सहज बोलून गेल्या, "अगं, याचा बाप तरी काय निराळा होता! चौथींत जाईतों माझ्या हातचें धुणें सुटलें नव्हतें." वडील वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनीं तें अधिकच उंच धरलें. मुलगा मात्र दाराआडून ऐकत होता. त्या रात्रीं तो वडिलांच्या शेजारीं येऊन निजला, आणि कितीतरी महिन्यांनीं त्यानें तो प्रश्न विचारला, "बाबा, तुमचें केव्हां थांबलें हो?" वडिलांनीं खरें उत्तर दिलें. घरांत जें औषध दोन वर्षें पडून होतें तें असें अवचित हातीं लागलें.

मुलाला लाजविण्याचे प्रयोग सर्व देशांत आणि सर्व काळांत झालेले आहेत, आणि त्यांच्या जोडीला औषधांचेहि. थॉमस फेअर नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें १५४५ सालीं मुलांच्या रोगांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत या तक्रारीसाठीं एक स्वतंत्र प्रकरण असून कोंबड्याच्या नरड्याची पूड करून द्यावी असें सांगितलें आहे. आपल्याकडील आयुर्वेदानें यास शय्यामूत्र असें साधें व निर्मळ नांव दिलें. घरगुती उपचारांत तीळ, ओवा आणि गूळ यांचा मान मोठा. तीळगूळ पौष्टिक आहे, तो कोणाहि मुलाला अवश्य द्यावा. पण त्यानें अंथरूण कोरडें होईल अशी आशा धरूं नये. ज्यांना यश आलें असें सांगण्यांत येतें, त्यांचें गुपित वेगळें आहे. १,१२९ मुलांची एक पाहणी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत असें दिसलें कीं ही तक्रार असलेल्या मुलांपैकीं दरवर्षीं सुमारें सातांतलें एक कोणत्याहि उपचाराशिवाय बरें होतें. त्या वर्षीं ज्याच्या हातचा अंगारा किंवा पुडी चाललेली असेल, त्याच्या पदरीं तें यश पडतें.

मग आपोआप बरें होईतों वाट कां पाहूं नये, असा प्रश्न कोणीहि विचारील. मूल पांच-सहा वर्षांचें असेल आणि मनानें खुशाल असेल तर अवश्य पाहावी. परंतु सात वर्षांच्या ज्या मुलानें दोन वर्षें समुद्र नाकारला, त्याला आणखी चार वर्षें थांब म्हणून सांगणें क्रूरपणाचें होईल.

उपायांस हात घालण्यापूर्वीं मुलाला एकदां डॉक्टरांकडे नेऊन आणावें. ज्या मुलाचें अंथरूण सहा महिने किंवा अधिक काळ कोरडें होतें आणि आतां एकाएकीं ओलें होऊं लागलें, त्याची गोष्ट जन्मापासूनच्या तक्रारीहून निराळी समजावी. घरांत दुसरें बाळ आलें, शाळा बदलली, कोणाचा मृत्यू झाला, आईबापांत वितुष्ट आलें, अशा एखाद्या धक्क्याचाहि तो परिणाम असूं शकतो. पण मुलाला तहान फार लागत असेल, तें वारंवार आणि भरपूर लघवी करीत असेल, खाऊन-पिऊनहि वाळत चाललें असेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. लहान मुलांतील मधुमेहाचा आरंभ असाच होतो आणि त्यांत दिरंगाई जिवावर बेतते. लघवीला जळजळ, ताप, दिवसाहि कपडे ओले होणें, धार बारीक किंवा थेंबाथेंबानें येणें, चालण्यांत कांहीं फरक, रात्रीं मोठ्यानें घोरणें, यांपैकीं कांहीं असल्यास तेंहि डॉक्टरांच्या कानावर घालावें.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे घरांत कोणाचें लक्षच नसतें, ती म्हणजे बद्धकोष्ठ. मोठ्या आंतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला लागूनच असतो. तो घट्ट मळानें फुगून राहिला कीं मूत्राशयावर दाब पडतो आणि त्याला पुरतें भरतां येत नाहीं. मूल रोज शौचास जातें एवढ्यावर आई समाधान मानते. पण जातें तें कुंथून, आणि होतें खड्यांसारखें, हें विचारल्याखेरीज कळत नाहीं. पोट साफ राहूं लागल्यावर दुसरें कांहींएक न करतां अंथरूण कोरडें झालेलीं मुलेंहि आहेत.

आतां पाण्याविषयीं. संध्याकाळपासून मुलाचें पाणी तोडणें हा पहिला उपाय बहुतेक घरांत होतो, आणि तो उलटा आहे. हिशेब सकाळपासून मांडला पाहिजे. मूल सकाळीं घाईनें दूध पिऊन शाळेला जातें. शाळेंतील मुतारी घाण असते, कोठें दाराला कडी नसते, कोठें मोठीं मुलें थट्टा करतात; म्हणून तें तेथें जातच नाहीं. जावें लागूं नये म्हणून पाणीहि पीत नाहीं. बरोबर दिलेली बाटली भरलेलीच परत येते. पांच वाजतां घरीं आल्यावर तें तहानेनें दोन पेले पितें, खेळून आल्यावर आणखी दोन, आणि जेवतांना आणखी एक. दिवसभराचें पाणी असें चार तासांत पोटांत जातें आणि रात्रीं बाहेर येतें. यावर उपाय पाणी तोडण्याचा नसून पाणी वांटण्याचा आहे. सात वर्षांच्या मुलास दिवसांत लिटर-सव्वा लिटर पातळ पदार्थ हवेत. त्यांतले बरेचसे दुपारपर्यंत पोटांत गेले कीं संध्याकाळची तहान आपोआप कमी होते. वर्गशिक्षकांना एकटें गांठून आईनें दोन शब्द सांगितले तर मधल्या सुट्टीपूर्वीं मुलाला सोडण्याची सोय होऊं शकते. मुलानें दिवसा दर दोन-तीन तासांनीं लघवीला जावें, निजण्याची तयारी करतांना एकदां जावें, आणि दिवा मालवण्यापूर्वीं पुन्हां एकदां. संध्याकाळीं चहा व कोला यांसारखीं पेयें टाळावीं. रात्रीं फरसाण, पापड, लोणचें असे खारट जिन्नसहि हात राखूनच वाढावे.

घरांतील वाटहि पाहून ठेवावी. चाळींत मोरी सार्वजनिक, जुन्या वाड्यांत शौचकूप परसांत, आणि मध्यें काळोख. मोठें माणूसहि जेथें जायला कचरतें तेथें मूल झोपेंतून उठून एकटें जाईल ही अपेक्षाच चुकीची. रात्रभर एक मंद दिवा आणि अंथरुणापासून चार पावलांवर झांकणाचें एक भांडें, एवढ्यानें निम्में भय जातें. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, आणि उशाशीं कोरड्या कपड्यांचा एक जोड असावा. सकाळीं ओली चादर काढून बादलींत टाकण्याचें काम मुलानें करावें. पण तें दंड म्हणून नव्हे, तर ज्या सहजतेनें तें आपलें ताट उचलतें त्या सहजतेनें. चादर आंतल्या बाजूस वाळत घालावी.

कोरड्या रात्रीबद्दल खाऊ किंवा चित्र बक्षीस देण्याची एक रीत आहे. तिच्यांत अन्याय आहे. जें मुलाच्या हातांत नाहीं त्याबद्दल बक्षीस देणें म्हणजे तें न मिळालेल्या रात्रींबद्दल शिक्षा करणेंच होय. दुपारपर्यंत पाण्याची बाटली संपविली, निजण्यापूर्वीं न सांगतां लघवीला जाऊन आला, चादर काढण्यास मदत केली, या गोष्टी त्याच्या हातांतल्या आहेत. शाबासकी द्यावयाची ती यांबद्दल.

पुष्कळ आया रात्रीं बारा वाजतां मुलाला उचलून मोरीवर नेतात. मूल पेंगतच लघवी करतें आणि सकाळीं त्याला त्यांतलें कांहीं आठवत नाहीं. चादर वांचते, हें खरें. आणि दमलेल्या आईला चादर वांचवावीशी वाटली तर तिला नांवें ठेवूं नयेत. पण मुलाला यांतून शिकावयास कांहीं मिळत नाहीं, कारण मूत्राशय भरला तेव्हां जाग आली आईला, मुलाला नव्हे.

जागें होण्याची गांठ मूत्राशयाशीं बांधून देणारें साधन आहे तें घंटेचें, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९०४ सालीं फाउंडलर नांवाच्या बालवैद्यानें रुग्णालयांतील मुलांच्या बिछान्याखालीं विजेची एक जोडणी केली. अंथरूण ओलें झालें कीं घंटा वाजावी आणि परिचारिकेनें येऊन कपडे बदलावे, एवढाच तिचा उद्देश होता. परंतु कांहीं दिवसांनीं असें आढळलें कीं घंटा वाजणेंच कमी होऊं लागलें आहे. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंत मॉवरर पतिपत्नींनीं हीच कल्पना पद्धतशीर वापरून ३० मुलांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्या सर्वांचीं अंथरुणें दोन महिन्यांच्या आंत कोरडीं झालीं होतीं. इतकें यश पुढें सर्वांना आलें नाहीं, पण तीनांतल्या दोन मुलांना या घंटेचा गुण येतो. आतां हें यंत्र आगपेटीएवढें झालें आहे. चड्डीला एक चिमटा आणि खांद्यापाशीं घंटा.

यंत्र आणलें म्हणजे काम झालें असें नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे घंटेनें घरांतील सर्व माणसें जागीं होतात, एका मुलाखेरीज. तेव्हां आई किंवा वडील यांनीं उठून त्याला पुरतें जागें करावयाचें, त्याच्याच पायांनीं मोरीवर न्यावयाचें, उरलेली लघवी तेथें करवावयाची, आणि यंत्र पुन्हां त्याच्याच हातानें लावून घ्यावयाचें. एका खोलींत सहा माणसें निजणाऱ्या घरांत ही लहानसहान गोष्ट नाहीं. परीक्षा, पाहुणे, घरांतील आजार यांचे दिवस टाळूनच आरंभ करावा. यशाच्या खुणा हळूहळू दिसतात. आधीं ओला डाग लहान होतो. मग घंटा मध्यरात्रीऐवजीं पहांटे वाजूं लागते. मग मूल घंटेनें आपण होऊन उठतें. शेवटीं तें उठत नाहीं आणि अंथरूणहि ओलें होत नाहीं. बरीं झालेलीं पुष्कळशीं मुलें रात्रभर सुखानें निजतात, हें ऐकून आयांना नवल वाटतें. सलग १४ रात्रीं कोरड्या गेल्या म्हणजे यंत्र ठेवून द्यावें. त्याला दोन-तीन महिने लागतात. चार आठवड्यांत यांपैकीं एकहि खूण दिसली नाहीं तर ओढाताण न करतां थांबावें आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां पाहावें.

ज्यांना घंटा शक्य नाहीं किंवा थोड्या दिवसांपुरतीच सोय हवी, त्यांच्यासाठीं एक औषध आहे. व्हॅसोप्रेसिनसारखेंच काम करणारें डेस्मोप्रेसिन नांवाचें द्रव्य १९६७ सालीं प्रागमधील रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें. निजण्यापूर्वीं त्याची गोळी घेतली तर त्या रात्रीपुरती लघवी कमी तयार होते. गोळी बंद केली कीं बहुतेक मुलांत तक्रार परत येते. तिचा एक नियम काटेकोरपणें पाळावा लागतो: गोळीपूर्वीं एक तास आणि गोळीनंतर आठ तास पाणी प्यावयाचें नाहीं. शरीर पाणी धरून ठेवीत असतां वरून आणखी पाणी गेलें तर रक्तांतील क्षार पातळ होतो आणि झटके येऊं शकतात. याच कारणास्तव अमेरिकेंत २००७ सालीं नाकांत फवारण्याचें डेस्मोप्रेसिन या तक्रारीसाठीं वापरणें बंद करण्यांत आलें. म्हणून हें औषध डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊं नये, आणि तापांत किंवा जुलाब-वांत्यांत तर नाहींच.

वरील घरांतील मुलानें फेब्रुवारींत घंटा बांधली. पहिल्या पंधरवड्यांत धाकटी बहीण दर रात्रीं रडत उठे आणि आजी रामनाम घेत कूस बदलीत. वडील उठत; तें काम त्यांनीं आपण होऊन मागून घेतलें होतें. एप्रिल संपतांना सलग ११ कोरड्या रात्रीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडल्या गेल्या, बाराव्या रात्रीं खंड पडला, आणि सुट्टी येऊन ठेपली. माजघरांतील मुलांच्या ओळींत घंटा वाजविण्यास मुलगा तयार होईना. डॉक्टरांनीं तेवढ्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या. निघण्यापूर्वीं आठवडाभर त्या घरींच देऊन पाहिल्या. आईनें आपल्या वहिनीला आधींच सर्व सांगून ठेवलें, आणि मेणकापड चादरींत गुंडाळून पेटींत तळाशीं घातलें.

मुलगा दाराजवळच्या टोकाला निजला. नवव्या दिवशीं सारे समुद्रावरून उशिरां परतले. मुलांनीं रात्रीं नऊ वाजतां कोकमाचें सरबत पोटभर प्यालें, आणि म्हणून आईनें त्या रात्रीं गोळी दिली नाहीं. सकाळीं चादर ओली होती. मामीनें ती मेणकापडासकट गुंडाळून विहिरीकडे नेली आणि येतांना मुलांना हांक मारून सांगितलें कीं भाताची पेज निवते आहे. मुलगा क्षणभर तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग मामेभावांनीं पेजेसाठीं पानें मांडलीं तेव्हां तोहि जाऊन बसला, आणि ओहोटी किती वाजतां आहे तें विचारूं लागला.